लोखंडी नांगर विकणारा इंजिनिअर

दरवर्षी 15 सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, दोन-तीन भाषणं होतात आणि संध्याकाळी मेसमध्ये गोड असतं. विश्वेश्वरय्या मोठेच होते, त्याबद्दल वादच नाही. पण आपल्या मराठी मातीतला एक इंजिनिअर आपल्या आठवणीत फारसा नसतो. त्याचं नाव मात्र आपण रोज वाचतो. विहिरीवरच्या पंपावर, शेतातल्या डिझेल इंजिनवर, वर्कशॉपमधल्या जुन्या लेथवर ते कोरलेलं असतं. ते नाव म्हणजे किर्लोस्कर.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्याबद्दल बहुतेक लेखांत असं सांगितलेलं असतं की त्यांनी माळरानावर कारखाना उभा केला. ते खरंच आहे आणि थक्क करणारं आहे. पण मला त्यांच्या आयुष्यातला दुसराच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. यंत्र बनवणं हे अर्धंच काम आहे. समोरच्या माणसाला ते आपलं वाटायला हवं, हे दुसरं अर्धं काम. आपल्या सिलॅबसमध्ये पहिल्या अर्ध्यासाठी आठ सेमिस्टर आहेत, दुसऱ्यासाठी जेमतेम एक पेपर. लक्ष्मणरावांना हा दुसरा पेपर आयुष्याने शिकवला, आणि तोही चांगलाच कठीण काढला होता.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पण मुलाचं लक्ष चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, तेव्हा मोठे भाऊ रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते 1885 मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचं स्वप्न होतं. तिथे समजलं की त्यांना रंगांधळेपणा आहे. रंगांमधला फरकच नीट कळत नाही म्हटल्यावर चित्रकला संपली.

आपल्यातला एखादा असता तर बॅग भरून घरी गेला असता. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले, म्हणजे आपल्या भाषेत मेकॅनिकल ड्रॉइंगकडे. तिथे रंग लागत नाहीत, रेघ लागते. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. इथे त्यांनी दिवसा शिकवलं आणि उरलेल्या वेळात यंत्रं खोलून, जोडून, परदेशी तांत्रिक मासिकं वाचून स्वतः शिकून घेतलं. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

बेळगावला रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा आधीच सुरू झाला होता. 1888 हे किर्लोस्कर ब्रदर्सचं स्थापनेचं साल मानलं जातं. त्या काळात सायकल ही आजच्या मोटारीसारखी चैनीची चीज होती, किंमत शेकड्यांत. हे दोघं भाऊ सायकली नुसत्या विकत नव्हते, तर रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन लोकांना सायकल चालवायलाही शिकवत. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण जरा विचार करा. ज्या माणसाने आयुष्यात सायकल चालवली नाही, त्याला सायकल कितीही चकचकीत दाखवली तरी त्याच्या मनात एकच गोष्ट असते, ती म्हणजे भर रस्त्यात आपण पडलो तर लोक हसतील. त्याची अडचण किमतीपेक्षा या भीतीची आहे. ती काढली की सायकल विकली जाते. मला वाटतं, गिऱ्हाईक काय विकत घेतंय आणि कशाला घाबरतंय, हे ओळखण्याचा किर्लोस्करांचा पहिला धडा हाच असावा.

सायकलीनंतर लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. पहिलं यंत्र कडबा कापायचं. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मुलांना कडबा काय ते सांगायला नको. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाला आणि शेंडा खातं आणि खालचा जाड बुडखा तुडवून टाकतं. तोच कडबा बारीक कापून दिला तर वाया कमी जातो. दुष्काळी भागात जिथे पेंढी-पेंढी मोजून वापरतात, तिथे हा फायदा डोळ्यांना त्याच दिवशी दिसतो. सकाळी यंत्र फिरवा, संध्याकाळी दावणीत किती चघळ उरलं ते बघा. झालं, पटलं!

मग आला लोखंडी नांगर, आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली.

त्या वेळी आपल्याकडचा नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. तो जमीन उकरतो, पण माती पूर्ण उलटी करत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळवलेला पंख असतो. फाळाने कापलेला मातीचा थर त्या पंखावरून सरकत वर चढतो आणि पालथा पडतो. त्यामुळे हरळी, कुंदा असलं मुळं खोल गेलेलं तण उलटं होऊन उन्हात वाळतं. काळ्या जमिनीत हरळी शिरली की काय होतं हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना विचारा. असले नांगर तेव्हा विलायतेहून, इंग्लंडमधल्या रॅन्सम्स कंपनीकडून यायचे. लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथे, स्वतःच्या छोट्या कारखान्यात बनवला.

आणि तो कुणी घेईना. एक-दोन महिने नव्हे, दोन वर्षं नांगर पडून राहिले. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की लोखंडाने जमिनीला विष चढतं, पीक येणार नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले हे ऐकून लगेच हसतो. अडाणी लोक, अंधश्रद्धा, वगैरे. पण गंमत बघा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच सांगितलं होतं की लोखंडाने माती विषारी होते. म्हणजे हा अडाणीपणा काही आपल्या देशाची मक्तेदारी नव्हे. दोन खंडांत, शंभर वर्षांच्या अंतराने, एकमेकांना कधीच न भेटलेल्या शेतकऱ्यांनी एकच कारण दिलं असेल, तर त्या कारणामागे काहीतरी खरं दडलेलं असणार.

काय दडलेलं असेल? शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब मांडून बघू. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देतो, रोख पैसा लागत नाही. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडे जायचं? त्याचा फाळ झिजला तर नवा कुठे मिळणार? तो ओढायला बैल जास्त लागले तर ते कुठून आणायचे? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्षाला पीक एकदाच येतं. आपला एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते. शेतकऱ्याचा खरीप गेला तर सावकार दारात येतो आणि जमीनच जाते. म्हणजे तो ज्या गोष्टीवर प्रयोग करणार, ती त्याच्या बापजाद्यांची एकमेव ठेव आहे. अशा माणसाने नव्या वस्तूला घाबरणं हा वेडेपणा नाही, तो शहाणपणा आहे. विष हा फक्त त्या भीतीला दिलेला शब्द होता.

आता समजा त्या काळात नांगराची जाहिरात लिहायचं काम आपल्या बॅचला दिलं असतं. आपण काय लिहिलं असतं? बीड उत्तम प्रतीचं, वजन अमुक शेर, विलायती नमुन्याबरहुकूम, आधुनिक तंत्र. सगळं खरं, आणि सगळं निरुपयोगी. कारण यातलं एकही वाक्य शेतकऱ्याच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्याला बीड नको आहे. हरळी जाईल का, बैल टिकतील का, फाळ झिजल्यावर दुसरा मिळेल का आणि शेजारच्या गावात कुणाचं पीक बुडालं का, एवढंच त्याला विचारायचं आहे.

लक्ष्मणरावांचं मोठेपण हे की त्यांनी शेतकऱ्याला नावं ठेवली नाहीत. ते नांगरावर काम करत राहिले. फाळ हा नांगराचा सगळ्यात लवकर झिजणारा भाग, आणि आपली उन्हाळ्यातली काळी जमीन दगडासारखी. म्हणून फाळ कठीण आणि टिकाऊ व्हावा यासाठी त्यांनी ओतकामात प्रयोग केले. आणि नांगर शेतात नेऊन प्रत्यक्ष चालवून दाखवणं हा विक्रीचा मार्ग झाला. छापलेल्या शंभर ओळींपेक्षा उलटलेली एक तास माती जास्त बोलते. एका शेतकऱ्याचं पीक चांगलं आलं की आजूबाजूचे दहा जण बांधावर येऊन बघतात. आपल्याकडे आजही नवं बियाणं असंच पसरतं, दुकानातल्या पोस्टरने नाही.

हे सगळं चालू असताना आणखी एक संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती. कारखाना उचलायचा, पण न्यायचा कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते. लक्ष्मणरावांना ते बांधकामाच्या निमित्ताने ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची जागा आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जागा म्हणजे काय, तर निवडुंग, साप आणि माळ. प्यायला पाणी नाही. मार्च 1910 मध्ये लक्ष्मणराव मोजक्या सहकाऱ्यांसह तिथे उतरले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनलाही हेच नाव मिळालं.

या वाडीची गोष्ट सगळीकडे लिहिलेली आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. कामगारांसाठी घरं, शाळा, बाजार, पाणी. शिवाशिव पाळायची नाही हा नियम. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांनाच पहाऱ्यावर नेमायचं धाडस. रामूअण्णा वसाहत बघत, शंभूराव जांभेकर यंत्रं बघत. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं आणि मग पंप तयार होऊ लागले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी रजिस्टर झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र 1920 सालातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि, हे कारखान्याची जाहिरात सांभाळत होते. ते चित्रकार होते, पंडित सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकून आले होते. लक्ष्मणरावांना जे रंग दिसले नाहीत, ते या पुतण्याच्या रूपाने कारखान्यात आले असं म्हणायला हरकत नाही. या शंवाकिंनी 1920 मध्ये एक पत्रक-मासिक सुरू केलं, ‘किर्लोस्कर खबर’. हेतू साधा. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाईकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावी.

आजच्या भाषेत तो कंपनीचा न्यूजलेटर. आपल्या ईमेलमध्ये असले न्यूजलेटर रोज येतात आणि आपण ते न उघडता डिलीट करतो. कारण त्यात फक्त त्यांचंच कौतुक असतं. खबरचं असं झालं नाही. यंत्रांच्या माहितीबरोबर हळूहळू वाचकाच्या आयुष्यातले विषय त्यात येऊ लागले. उद्योगधंदे, आरोग्य, गोष्टी, समाजसुधारणा, व्यंगचित्रं. म्हणजे ज्याला या महिन्यात नांगर घ्यायचा नाही, त्यालाही अंक उघडावासा वाटेल असं काहीतरी. पुढे नावातली ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातलं एक मान्यवर मासिक झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडं निघाली. नांगराच्या जाहिरातीसाठी काढलेल्या कागदातून मराठी घराघरात वाचली जाणारी तीन मासिकं तयार झाली. जगात असं उदाहरण फार सापडणार नाही.

हे का झालं? माझ्या मते कारण एकच. लिहिणाऱ्यांनी आधी वाचकाकडे बघितलं आणि मग आपल्या मालाकडे. त्या काळची वर्तमानपत्रं शक्तिवर्धक गोळ्या आणि रामबाण औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. त्या जाहिरात लिहिणाऱ्यांनाही वाचकाचं मन कळत होतंच की! वाचक कशाला घाबरतो, त्याला कशाची लाज वाटते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण ते ओळखून त्यांनी त्याची भीती वाढवली आणि बाटली विकली. किर्लोस्करांनी भीती ओळखली आणि ती खरी आहे का ते तपासलं. जिथे खरी होती तिथे फाळ सुधारला. जिथे खोटी होती तिथे शेतात जाऊन दाखवून दिलं. वाचकाचं मन कळणं ही दुधारी गोष्ट आहे, आणि आपण कुठल्या बाजूने कापतो हे आपल्यावर आहे.

हाच धडा आपल्या जिल्ह्यातही गिरवला गेला आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून सहकारी साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते, तेव्हा त्यांच्या हातात काही ग्लॉसी ब्रोशर नव्हतं. स्वतः शेतकरी असल्यामुळे समोरच्याला सावकाराची धास्ती किती आहे हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पाठीशी उभा राहिला आणि 1950 च्या सुमाराला प्रवरेच्या काठी कारखान्याचं धुराडं पेटलं. गाडगीळांचं अर्थशास्त्र बरोबर होतंच, पण ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा माणूस नसता तर ते पुस्तकातच राहिलं असतं.

पुन्हा लक्ष्मणरावांकडे येऊ. त्यांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून 1926 मध्ये इंजिनिअर होऊन परत आला आणि पुढे हरिहर, बंगलोर, पुणे असा उद्योगाचा विस्तार झाला. मशीन टूल्स, इलेक्ट्रिक मोटारी, डिझेल इंजिनं. रंगांधळेपणामुळे चित्रकलेचा वर्ग सोडावा लागलेल्या मुलाने सुरू केलेल्या कामाचं हे झाड. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण सगळे वर्षभर काही ना काही लिहून लोकांना पटवायचा प्रयत्न करत असतो. टेक-फेस्टसाठी स्पॉन्सरशिपचं पत्र, प्रोजेक्टचा सिनॉप्सिस, प्लेसमेंटचा रेझ्युमे, रक्तदान शिबिराचं पोस्टर. ही कागदपत्रं एकदा वाचून बघा. स्पॉन्सरच्या पत्रात पहिली दोन पानं आपल्या कॉलेजचा इतिहास आणि आपल्या इव्हेंटचं कौतुक. स्टेशन रोडवरच्या दुकानदाराला त्याच्याशी काय करायचं आहे? त्याला कळायला हवं की हॉस्टेलची किती पोरं त्याच्या दुकानावरून रोज जातात आणि त्याच्या नावाचा बोर्ड कुठे लागणार. रक्तदानाच्या पोस्टरवर महान दान वगैरे मोठ्या अक्षरात असतं. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला सुई दुखेल का आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला चक्कर येईल का, एवढीच शंका असते. तिचं उत्तर एका ओळीत लिहा, बघा फरक पडतो की नाही.

रेझ्युमेचंही तेच. मी अमुक केलं, मी तमुक केलं. समोर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न असतो, की याला घेतला तर माझं कुठलं काम हलकं होईल? त्याचं उत्तर देता येत नसेल तर फॉन्ट बदलून काही उपयोग नाही. आणि उत्तर देण्यासारखं काही आपल्याकडे नसेल, तर लिहिण्याआधी फाळ सुधारायला हवा. लक्ष्मणरावांची ही सगळ्यात कडक शिकवण आहे. चांगल्या शब्दांनी वाईट नांगर एकदाच विकला जातो.

मी इंग्लिश मीडियमचा विद्यार्थी. आमच्या शाळेत जगातल्या मोठमोठ्या उद्योगपतींची चरित्रं होती, हेन्री फोर्डपासून पुढचे सगळे. लोखंडी नांगराची ही गोष्ट मात्र मला इथे, ज्यांच्या घरी खरंच शेती आहे अशा रूममेट्समध्ये राहिल्यावर नीट समजली. नांगर न घेणारा शेतकरी का घाबरला असेल, हे मला त्यांनी सांगितलं. म्हणून वाटतं की ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या बांधावर आधी जाऊन उभं राहावं. त्याचं ऐकावं. शब्द मग सापडतात.

लक्ष्मणरावांचे नांगर दोन वर्षं पडून होते. आपलं एखादं पत्र, एखादा प्रोजेक्ट, एखादी कल्पना दोन आठवडे पडून राहिली की आपण म्हणतो, लोकांना कळतच नाही. पुढच्या वेळी असं म्हणायच्या आधी, लोकांना नेमकं काय कळलंय ते एकदा विचारून बघूया.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल